कवळीबाईंनी गाळलेला प्रश्न

पथकातली मुलं त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे कवळीबाई. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्यात राग येण्यासारखं काही नव्हतं. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायच्या, हाच त्यांचा धंदा. वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. मेण वितळवायला स्पिरिटचा दिवा, घासायला मोटर, आणि सगळ्यावर पांढरी धूळ. "अख्ख्या जगाच्या तोंडी लागायचं काम माझं," असं त्या हसून सांगत. घरात मात्र त्या कुणाच्याही तोंडी लागत नसत.

तशी सोयच नव्हती. घर मोठ्या दिरांचं. वरचा मजला त्यांनी धाकट्या भावाला राहायला दिलेला, तोही नुसत्या शब्दावर. दिरांचं फर्निचरचं दुकान होतं, दुकानामागे गोदाम, आणि गोदामाच्या माडीवर दर रविवारी स्काऊटचं पथक भरायचं. पथकाच्या समितीचे अध्यक्षही दीरच. म्हणजे बाई सकाळी डोळे उघडायच्या त्या दिरांच्या छताखाली आणि रविवारी शिट्टी फुंकायच्या तीसुद्धा त्यांच्याच छताखाली.

आधीचे मास्तर बदलीवर गेले तेव्हा दीर म्हणाले होते, "तात्पुरतं सांभाळ." तात्पुरतं ते कायमचं झालं. बाईंची त्याला ना नव्हती. गाठी शिकवताना, नकाशा उलगडून दिशा दाखवताना त्या मोठ्याने बोलत, खळखळून हसत. एकदा त्यांचा नवरा काही कामासाठी माडीवर आला आणि दारातच थबकला. "ही आमच्याच घरातली का?" म्हणाला. मुलं हसली. बाई हसल्या नाहीत.

वर्षाकाठी एकदा बॅजसमारंभ व्हायचा. त्या वर्षी सगळ्यांत वरचा बॅज एकटीच्याच वाट्याला येणार होता, दिरांच्या मुलीच्या. घरात तिला सगळे ठकी म्हणत. कॉलेजात जायची वेळ आली तरी नाव तेच. तिची एकच परीक्षा उरली होती. लहान मुलांची तुकडी घेऊन नकाशाच्या आधाराने टेकडीपलीकडच्या धरणापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. वाट तिनेच काढायची, निर्णयही तिनेच घ्यायचे. बाई धरणावर थांबणार होत्या.

बाई वाट बघत बसल्या. तुकडी काही आली नाही. अर्ध्या वाटेत दोन पायवाटा फुटत होत्या, तिथे ठकीला काही सुचेना. एक लहानगी रडायला लागली, तिचं बघून बाकीची. ठकी पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसली आणि तिने बाबांना फोन लावला. दीर दुकानाचा टेम्पो घेऊन गेले आणि सगळ्यांना भरून घेऊन आले.

संध्याकाळी बाई खाली स्वयंपाकघरात गेल्या. दीर चहा पीत होते, जाऊबाई भांडी लावत होत्या.

"भाऊजी, ठकीला ती परीक्षा परत द्यावी लागेल."

"कशाला? पोरं सुखरूप घरी आली ना?"

"टेम्पोत बसून आली."

"अगं, टेम्पोत काय आणि चालत काय, पोचल्याशी मतलब." ते स्वतःच्याच बोलण्यावर हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "हे बघ, पत्रिका वाटून झाल्यात. पाहुणे बोलावलेत. आता तू खोडा घालू नकोस."

"समारंभ पुढे ढकलू. पुढच्या महिन्यात…"

"मी लहान असताना हाच बॅज मला मिळायचा होता," दीर म्हणाले. आवाज उतरला होता. "वडील गेले आणि मी दुकानात बसलो. तेव्हापासून बसलोच आहे. तुझ्या नवऱ्याचं शिक्षण त्यातूनच झालं."

जाऊबाईंनी एक पातेलं उगाच दोनदा पुसलं. बाई जिना चढून वर आल्या.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "दादाने आपल्यासाठी किती केलंय," तो म्हणाला. "एका बॅजने काय आभाळ कोसळणार आहे? दे आणि मोकळी हो." बाईंना वाटलं, मोकळी व्हायचीच तर ही चांगली तऱ्हा. दुसऱ्या दिवशी एका कवळीचे पुढचे दात त्यांनी वाकडे बसवले. ते उपटून परत बसवावे लागले.

त्याच दुपारी ठकी वर आली. दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसली.

"काकू, तू मला नापास कर ना."

बाईंनी मोटर बंद केली. "मी? तूच सांग बाबांना."

"ते सगळ्यांना सांगत सुटलेत. दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी बॅज, मग कपाट. मी नाही म्हटलं तर त्यांचं तोंड कसं होईल, ते मला बघवणार नाही. तू मोठी आहेस, तू सांग."

"या घरात मोठं माणूस एकच आहे, ठके. तुलाही माहीत आहे."

"म्हणजे कुणीच सांगायचं नाही?"

ठकी एक प्लास्टरचा जबडा हातात घेऊन फिरवत राहिली, मग ठेवून निघून गेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, हे बाईंना इतक्या वर्षांत चांगलं कळलं होतं. आता तो मार पोरीच्याही वाट्याला आला होता.

समारंभाची आखणी बाईच करायच्या. आधी प्रार्थना, मग लहानांचे बॅज, मग मोठ्यांचे. बॅज लावण्याआधी पथकप्रमुखाने सगळ्यांसमोर विचारायचं, "सगळ्या परीक्षा तू स्वतः पूर्ण केल्यास का?" मुलाने हात वर करून म्हणायचं, "हो, माझ्या शब्दावर." पूर्वीपासूनची रीत होती. बाई त्या ओळीपाशी अडल्या. पोरीला भर सभेत खोटं बोलायला लावायचं? त्यांनी तो प्रश्नच गाळला. एकट्या ठकीचा गाळला तर कुणाच्या लक्षात येईल, म्हणून सगळ्यांचाच. आपण तिच्यासाठी एवढं तरी करू शकलो, असं त्यांना वाटलं, आणि त्या रात्री त्यांना झोप लागली.

समारंभाला माडी भरून गेली. विक्रीच्या नव्या खुर्च्या दिरांनी वर आणवल्या होत्या, त्यांच्यावरचं प्लास्टिक तसंच होतं. कुणी हललं की ते कुरकुरायचं. लहान मुलं एकेक करून येऊन गेली. मग बाईंनी ठकीचं नाव पुकारलं.

ती आली, ताठ उभी राहिली आणि तिने हात वर केला. बाई बॅज घेऊन पुढे झाल्या. ठकीचा हात तसाच वर.

"विचार ना," ती पुटपुटली.

काय विचारायचं ते बाईंना बरोबर कळलं. तिचे डोळे बघून उत्तर काय येणार तेही कळलं. पहिल्या रांगेत दीर बसले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. वडील गेले तेव्हाही ते रडले नव्हते, असं घरात सांगत. बाईंनी माईक बाजूला ठेवला आणि ठकीच्या खिशावर बॅज टाचला. टाळ्या वाजल्या. ठकीने हात हळूहळू खाली आणला.

सगळे पांगल्यावर ती जिन्यात भेटली.

"मी 'नाही' असं म्हणणार होते, काकू. आरशासमोर म्हणून बघितलं होतं."

"मला आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू विचारलंच नसतंस."

ते खरं होतं. ठकी पायऱ्या उतरून गेली.

तो बॅज चौकटीत बसून दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर गेला. ठकी कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात राहायला गेली. तिचा फोन आला की जाऊबाई खालूनच ओरडून सांगत, ठकी मजेत आहे म्हणून. फोन वर काही येत नसे. बाईंनी एकदा दिरांना सांगून बघितलं, "आता पथक दुसऱ्या कुणाकडे द्या." दीर म्हणाले, "घ्यायला कोण आहे? तू सोडलंस तर बंद करू. मलाही माडी मालासाठी हवीच आहे." त्यात धमकी नव्हती. त्यांनी फक्त खरं ते सांगितलं होतं. रविवारी मुलं आली, बाई शिट्टी घेऊन गेल्या.

पुढच्या समारंभाची आखणी त्या घेऊन गेल्या तेव्हा दीर ती वाचता वाचता थांबले.

"हा प्रश्न गेल्या वेळी नव्हता ना? छान आहे. का काढला होतास?"

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. दीर खरोखरच विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही संशय नव्हता. भिंतीपलीकडे जाऊबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"राहून गेला," बाई म्हणाल्या.

"बरं. खुर्च्या किती लागतील?"

"गेल्या वेळेएवढ्याच," त्या म्हणाल्या.