चोवीस आऱ्यांचा हिशेब

"नाझरबाबू, चक्र झालं. पाहून घ्या," रामाजी पेंटर ब्रश पुसत म्हणाला. मी टेबलावर पसरलेल्या नव्या ध्वजावर वाकलो आणि चक्राचे आरे मोजले. आठ.

चौदा ऑगस्टची दुपार. मध्य प्रदेशात बैहरकडच्या एका सरकारी कचेरीत मी नाझर होतो, म्हणजे सामानसुमान सांभाळणारा बाबू. जुना ध्वज उंदरांनी कुरतडला होता. नवा बालाघाटहून आला, तोही एकच. खादीचा, सहा फूट बाय चार, प्रमाण बरोबर तीनास दोन. पण मधली पांढरी पट्टी कोरी, म्हणून चक्र काढायला रामाजीला बोलावलं होतं. माझी नोकरी अजून टेंपररी होती आणि परमनंट करण्याचा कागद साहेबांच्या सहीसाठी पडून होता.

"रामाजी, आठच काहून?"

"अष्टांगिक मार्ग हाये नं, बाबू. आमच्या विहारातलं चक्र मीच काढलं. आठच असतेत."

"ते धम्मचक्र. हे अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरून घेतलेलं. याला चोवीस पाहिजेत."

"हौ? अशोक बी आमचाच. सोळा वाढवून देतो, घाबरता काहून?"

घाबरणारच. निळा रंग खादीत मुरला होता. पुसता येत नव्हता. मी कागद घेतला. वर्तुळाचे अंश तीनशे साठ. आठ आरे, तर अंतर पंचेचाळीस. चोवीस आरे, तर पंधरा. म्हणजे प्रत्येक फटीत नेमके दोन बसतात. त्यानं दहा काढले असते तर मी गेलो होतो.

मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घरून मागवला. मी पेन्सिलीनं खुणा केल्या, रामाजीनं ध्वजाच्या दोन्ही बाजूंनी रेघा ओढल्या.

चार वाजता साहेब आले. बोट फिरवत मोजू लागले. "तेईस!"

हेडक्लार्कनं मोजले. पंचवीस.

साहेबांनी पुन्हा मोजले. बावीस. "नाझर, ये क्या तमाशा है?"

मी घाईनं कोनमापक उचलला. रामाजी मात्र शांत होता. "साहेब, सुरू कुठून केलं हेच तुमाले याद नाही राहून राह्यलं."

मी पुढे होऊन एका आऱ्यावर काडेपेटीतली काडी ठेवली. साहेबांनी तिथून सुरुवात केली, तिथेच येऊन थांबले. चोवीस.

दुसऱ्या दिवशी ध्वज फडकला. आठवड्यानं माझ्या कागदावर सही झाली.

तेव्हापासून गोल वस्तू मोजायची असेल तर मी आधी खूण करतो. आणि साहेब चुकले हे सांगायला पेंटरच लागतो. टेंपररी बाबूच्या तोंडून ते निघत नाही. परमनंट झाल्यावरही निघालं नाही.