दत्ताकाकांच्या गाडीचा विमा

दत्ताकाकांच्या गौरीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला जायच्या घाईत डबा भरत होते. "ताई, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी चहा टाकून दत्ताकाका खुर्चीत येऊन बसले होते, ते बसल्या जागीच गेले. गाझियाबादहून दिल्लीतल्या द्वारकेला पोचायला मला दीड तास लागला. त्या दीड तासात डोळ्यांत पाणी आलं नाही. एकच गोष्ट मनात घोळत राहिली, की चार वर्षांपूर्वी या माणसाला मी एक सल्ला दिला होता आणि कागदावर तो अगदी बिनचूक होता.

दत्ताकाका माझ्या बाबांचे मित्र. दोघंही पुण्याहून केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आले आणि सरकारी क्वार्टर्समध्ये शेजारी राहिले. आमच्याकडे स्कूटर होती, काकांकडे मात्र गाडी होती. मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी अधिकाऱ्याकडून त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची. रविवारी काका-काकू पुढे, आणि मागे गौरी, मी, माझा भाऊ नि आणखी कुणी असेल ते, अशी वरात इंडिया गेटला आइस्क्रीम खायला जायची. मालतीकाकू प्रत्येक चौकात काकांना "अहो, हळू" म्हणायच्या आणि काका प्रत्येक चौकात "बिल्कुल" म्हणून तेवढ्याच वेगाने गाडी हाणायचे.

निवृत्तीनंतर ते द्वारकेच्या सोसायटीत राहायला गेले. एवढ्या जुन्या गाड्यांना दिल्लीच्या रस्त्यांवर बंदी आली, तेव्हा काकांनी खटपट करून तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करून घेतली. म्हणजे वर्षातून एखाद्या प्रदर्शनाला न्यायची, एरवी उभी ठेवायची. हौशी लोक येऊन तिची किंमत विचारू लागले. काका हसून वाटेला लावायचे. मग एका दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीने पेट घेतला. काकांची गाडी चार खांब पलीकडे होती. तिला काही झालं नाही, पण काका घाबरले आणि दुसऱ्याच दिवशी फाइल घेऊन माझ्या ऑफिसात हजर झाले. मी विमा कंपनीत, गाड्यांच्याच विभागात काम करते.

"हे बघ," ते म्हणाले, "मालतीची तब्येत तुला माहीत आहे. उद्या मी नसलो तर तिच्यासाठी बाई ठेवावी लागेल, गौरी पुण्याहून किती धावणार? ही गाडी म्हणजे माझी शिल्लक आहे. ती जळून गेली तर?"

काकूंची स्मृती तेव्हा जायला लागली होती. मी काकांना सगळं नीट समजावून सांगितलं. साध्या पॉलिसीत गाडी जितकी जुनी तितकी तिची किंमत कमी धरतात, त्यामुळे एवढ्या जुन्या गाडीचे भंगाराएवढेच पैसे हातात येतील. दुसरा प्रकार खास अशा गाड्यांसाठी असतो. त्यात तज्ज्ञ येऊन गाडी बघतो, किंमत आधीच ठरते आणि गाडी गेली तर तेवढी पूर्ण मिळते. मात्र अटी कडक. गाडी बंद, कुलपाच्या गॅरेजमध्ये हवी, आणि प्रदर्शन किंवा दुरुस्ती सोडून चालवायची नाही.

काका जरा घुटमळले. "संध्याकाळी मालतीला घेऊन आतल्या आत जरा चक्कर मारतो... तेवढं चालेल ना?"

"नाही काका, अटीत बसत नाही ते. काही झालं तर क्लेम नाकारतील. काकूंना चालत न्या की फिरायला, उलट बरं!"

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मीही नाही. फरीदाबादला माझ्या ओळखीतलं एक बंद गॅरेज मीच शोधून दिलं. गाडी तिकडे गेली, पॉलिसी झाली, आणि आपण काकांचं भलं केलं या आनंदात मी त्या दिवशी ऑफिसात मिठाई वाटली.

चार महिन्यांनी ते पुन्हा आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. फाइल टेबलावर ठेवून म्हणाले, "हे रद्द कर. साधं काय असेल ते दे."

"अहो काका, उद्या काही झालं तर हातात काहीच येणार नाही!"

"झालंय गं," ते म्हणाले. "काय व्हायचं ते झालंय."

मग सगळं सांगितलं. रोज संध्याकाळी ते काकूंना गाडीत बसवून सोसायटीच्या गेटच्या आत तीन फेऱ्या मारायचे. काकूंना वाटायचं, आपण रविवारचे निघालोय. "अहो, इंडिया गेट आलं की सांगा," असं त्या म्हणायच्या. घरात त्यांना काका ओळखू येत नसत, कधी भाऊ वाटायचे, कधी घरमालक. पण गाडीचं दार लागलं की त्यांच्या तोंडून बरोबर 'अहो' यायचं. दिवसातली ती पंधरा मिनिटं काकांची बायको त्यांच्याजवळ असायची. गाडी फरीदाबादला गेली आणि पहिले काही दिवस काकू संध्याकाळ झाली की पार्किंगमध्ये जाऊन रिकाम्या जागेसमोर उभ्या राहायच्या. नंतर त्यांनी जाणं सोडून दिलं.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगू? सोसायटीत गोल गोल फिरून बायकोला इंडिया गेट दाखवतो म्हणून? तू ऑफिसात बसलेली, चार लोक आजूबाजूला... लाज वाटली मला."

गाडी परत आली त्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले. काकांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकू निमूट गाडीत बसल्या. मी मागच्या सीटवर, लहानपणीच्या माझ्या जागेवर. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. काकू काचेतून बाहेर बघत होत्या. तिसऱ्या फेरीला काकाच म्हणाले, "मालू, इंडिया गेट आलं हं." काकूंनी मान हलवली. गाडी थांबल्यावर त्या उतरल्या, पदर सारखा केला आणि काकांकडे वळून फार अदबीने म्हणाल्या, "घरापर्यंत सोडलंत, बरं झालं हो भाऊसाहेब. तुमच्या घरी वाट बघत असतील."

काकांनी हात जोडून नमस्कार केला. "हो, निघतो आता," म्हणाले.



त्या दिवसापासून काकूंनी पुढे दोन वर्षं रोज गाडीत फेऱ्या मारल्या, पण 'अहो' पुन्हा आलं नाही. काका फेऱ्या मारत राहिले. मध्यंतरी पाण्याच्या टँकरने मागे येता येता गाडीची डिकी चेपवली. साध्या विम्यात जे मिळालं त्यात ती धड सरळही झाली नाही. काका मला त्याबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत. काकू गेल्या त्यानंतर एकदा मी धीर करून त्यांची माफी मागितली. "वेडी आहेस का," ते म्हणाले. "तिचं विसरणं काही तुझ्या पॉलिसीमुळे नव्हतं. ते होणारच होतं." मग म्हणाले, "फक्त... ते चार महिने मला हवे होते."

एवढंच. मला वाटतं, ते खोटं बोलू शकत नसत म्हणून ते वाक्य त्यांनी पुरं केलं.

गेल्या रविवारी गौरीबरोबर मी पार्किंगमध्ये गेले. गाडीचं काय करायचं ते ठरवायचं होतं. दोन गिऱ्हाइकं मागे लागली होती. आम्हाला बघून सोसायटीचा चौकीदार जवळ आला. म्हणाला, "मैडम, माताजी के जाने के बाद भी साहब रोज़ शाम को आते थे. पहले उधर का दरवाज़ा खोलते, थोड़ा रुकते, फिर धीरे से बंद करके अपनी तरफ़ आते. एक दिन भी नहीं भूले."

 गौरी गाडीला वळसा घालून काकू बसायच्या त्या डाव्या बाजूला गेली, दार उघडलं, आणि कुणीतरी सावकाश आत बसून साडी सावरून घेईपर्यंत लागेल तेवढा वेळ ते धरून उभी राहिली.