दोन बशा भुकटी
समस्त जनांस कळविण्यात येते, की प्रस्तुत लेखक दुधाची भुकटी ओळखण्याच्या परीक्षेत शासकीय साक्षीने नापास झालेला आहे. काल घरात भुकटीचा डबा उघडला आणि वासासरशी एकोणीसशे ऐंशीनंतरच्या वर्षांतला भंडाऱ्याचा तो पत्र्याचा हॉल आठवला. मे महिना, खिडक्यांना भिजवलेल्या वाळ्याच्या ताट्या. परदेशातून येणारं दूध, लोणी, डबाबंद मांस कसं तपासायचं, हे आम्हा बारा तपासणी अधिकाऱ्यांना शिकवायला मुंबईहून एक साहेब आले होते. समुद्र आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. आमच्याकडे यायची ती फक्त वसतिगृहांसाठीची परदेशी भुकटी. साहेबांनी दोन बशा मांडल्या आणि म्हणाले, “एकीत चांगली आहे, एकीत खराब. वासावरून चांगली ओळखा.” आम्ही ऐटीत नाकं लावली. पहिलीला जवळजवळ वासच नव्हता. दुसरीला जुन्या तेलासारखा, आमच्याकडच्या पोत्यांचा रोजच्या ओळखीचा दर्प होता. बाराही बोटं दुसरीकडे गेली. “पहिली नकली दिसून राहिली जी,” शेजारचा माझ्या कानात म्हणाला. साहेबांनी चष्मा काढला आणि हळूच सांगितलं, की दुसरी खवट झालेली आहे, ती माणसाला द्यायची नसते. मला हसू फुटलं. हा किस्सा मी आजही हातवारे करून सांगतो, पण इथे आलो की हात खाली घेतो. कारण साकोलीकडच्या वसतिगृहाची पोती दोन वर्षं ज्याच्या सहीनं पास होत होती, तो माझा शेजारी उभा राहिला आणि भर हॉलमध्ये बोलून गेला, “साहेब, मंग आमच्या पोट्ट्यायनं जे पिऊन टाकलं, त्याचं का करू जी?”