कोरडी कुंडी

पहाटे साडेचारला बंगळूरमधल्या चामराजपेटच्या आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचं. शेजारच्या महानंदाचा दिवस तिथून सुरू व्हायचा. पाणी भरून, भाकऱ्या थापून ती बसने इंदिरानगरला जायची. तिथे प्रमोदिनीताईंची गच्चीवरची बाग तिच्याकडे होती. मातीची पाटी डोक्यावर घेऊन जिने चढायचे. त्यात गुडघे गेले. "संक्रांतीला काम सोडते," ती म्हणायची.

ताई पुण्याच्या. त्यांनी रानटी आयरिसचे कंद मागवले होते. बर्फाळ डोंगरांच्या खडकाळ उतारावर येणारं हे फूल. पहिल्या वर्षी नुसती पानं आली आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वाळली. ताईंनी बजावलं, "मावशी, आता थेंबभरही पाणी नको. कंद झोपलाय."

महानंदाचं माहेर अथणीकडचं. झाडाला पाणी घातल्याशिवाय तिच्या घरी कुणी जेवत नसे. ताई कामावर गेल्या की ती रोज तांब्याभर घालत राहिली. एक दिवस ताईंनी कुंडी उकरली. कंद सडून लिबलिबीत झालेले. एकच टणक उरला होता.

"मावशी, पाणी घातलंत?"

"घातलं की. तहानलेलं बघवत नाही, ताई."

"झोपलेल्या माणसाला उठवून पाजता का?"

महानंदाने तो टणक कंद पदराने पुसला. मग म्हणाली, "हा एक फुलल्याबिगर मी काम सोडत नाही."

मी जन्मभर खडी फोडली. ती माझ्याकडे आली. "अण्णा, कंदाला जल्ली पाहिजे. कसली घेऊ?"

जल्ली म्हणजे खडीच. मी म्हणालो, "हरभऱ्याएवढी. चाळून, धुऊन घे. धूळ राहिली तर पाणी धरेल."

तिने तसंच केलं आणि खडी स्वतः वर नेली. ओझं दिसतं, त्याचं कौतुक होतं. पुढचं काम दिसणारं नव्हतं. कुंडी पत्र्याखाली ठेवून, अख्खा पावसाळा भरली झारी घेऊन तिच्याजवळून जायचं आणि हात आवरायचा. मला ते जमलं नसतं.

मग डोंगरातली थंडी मिळावी म्हणून ताईंनी कंद फ्रिजमध्ये ठेवला. स्वयंपाकाच्या शिवलीलाने तो सोलायलाच घेतला.

"अक्का, हा लसूण कुठला गं? वास नाही, काही नाही!"

"ठेव आधी खाली! माझी सुट्टी अडलीय त्याच्यावर!"

कंद पुन्हा खडीत गेला. संक्रांत झाली, महानंदा कामावरच. कोंब दिसल्यावर ताई म्हणाल्या, आता पाणी घाला. तिने दोनदा विचारून घेतलं, मग घातलं.

फूल वीतभरही नव्हतं. जांभळं, पाकळीवर पिवळी रेघ. महानंदाने ते उभ्यानेच पाहिलं. खाली बसली तर उठता येत नसे.

"एवढंसंच?" ती म्हणाली. झारी पालथी घातली आणि महिनाअखेरीला काम सोडलं.

शेवटच्या पगारातून तिने एक लाकडी खुर्ची घेतली. हात असलेली, धरून उठता येईल अशी.