रडण्याचं तेवढं काढा

काकांचा उजवा हात कमरेपाशी आडवा झाला की आम्ही समजायचो, आता पुरस्कार येणार. तळवा जमिनीकडे करून ते म्हणायचे, "एवढा होता. एवढासा. आणि पुरस्कार घ्यायला स्टेजवर गेला तेव्हा..." इथे हात एकदम खांद्यापर्यंत वर जायचा. "एवढा! मिसरूड फुटलेलं. आता सांगा, बालकलाकार कोण?"

तुमच्या ओळखीतही असा एखादा माणूस असेलच. कुणी नाणी जमवतं, कुणी आगपेट्या. काका भोपाळमध्ये, सोनागिरीत आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. कारखान्यात तपासणी विभागात त्यांची बत्तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी सिनेमात बक्षीस मिळालेली मुलं तपासायला घेतली.

सात जाड रजिस्टरं होती. प्रत्येक मुलाला एक पान. नाव, सिनेमा, वर्ष, परीक्षक काय म्हणाले, आणि खाली लाल शाईने 'पुढे काय?'. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत काका त्या मुलाचा पिच्छा सोडत नसत. एक जण बँकेत लागला, एकीने पाळणाघर काढलं, एक साबणाचा विक्रेता झाला. हे सगळं त्यांनी पत्रं लिहून आणि फोन करून मिळवलं होतं. जुन्या सिनेमांत मुलांच्या नावामागे 'बेबी' आणि 'मास्टर' लावायचे, तीच नावं काकांच्या तोंडी बसली होती. त्यामुळे "आज बेबीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे" असं त्यांनी चिंतेने सांगितलं, तर बेबी सत्तरीची आहे हे आपण ओळखायचं.

मी तेव्हा आमच्या मराठी मंडळाचा कार्यवाह होतो. गणेशोत्सवात दर वर्षी एका संध्याकाळी काकांना दहा मिनिटं द्यावी लागत. 'द्यावी लागत' हेच खरं, कारण नाही दिली तर ते पुढचं वर्षभर रोज सकाळी फाटकाशी भेटत. घंटी माझ्या हातात असे. काका सुरुवात परदेशापासून करत. तिकडे पूर्वी पुरस्कार म्हणून मुलांना मोठ्यांच्या सोनेरी बाहुलीपेक्षा लहान बाहुली देत असत, याचा त्यांना फार राग होता. "काम पूर्ण घेतलं ना? मग बाहुली छोटी का?" असं ते आमच्यावरच ओरडत. तिथून आपल्या राष्ट्रीय पुरस्कारातल्या चांदीच्या कमळापर्यंत येता येता आठ मिनिटं होत. घंटीकडे त्यांचं लक्ष नसे. प्रेक्षकांचं मात्र असे, आणि घंटी वाजली की टाळ्या पडत. त्या भाषणाला आहेत असं काका समजत.

शेवटी ते न चुकता एका मुलीवर येत. खूप जुना मराठी सिनेमा, सात वर्षांची मुलगी, पहिलाच सिनेमा आणि पुरस्कार. त्यानंतर गायब. काका वहीतून परीक्षकांचे शब्द वाचून दाखवत: "असे सहजसुंदर रुदन पडद्यावर क्वचितच आढळते." मग चष्मा काढत आणि म्हणत, "सात रजिस्टरांत हे एकच पान अर्धं आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर पालथं घातलं. ही बेबी बेपत्ता आहे. कुणाला माहिती मिळाल्यास कळवावी." अकरा वर्षं आम्ही ही सूचना ऐकली.

बाराव्या वर्षी कार्यक्रम संपल्यावर काका चपला शोधत होते, तेव्हा एक बाई त्यांच्याजवळ आल्या. साठीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, मंडळाच्या हळदीकुंकवाला नेहमी दिसणाऱ्या. माहेर ग्वाल्हेरचं, त्यामुळे बोलण्यात हिंदी सहज यायची.

"काका, मी बेपत्ता थोडीच आहे. इथेच कोटऱ्यात राहते ना मी, चौतीस वर्षं झाली."

काकांच्या हातातली चप्पल तशीच राहिली.

"म्हणजे... बेबी?"

"आता बेबी काय, नात कॉलेजात आहे माझी."

"पण अकरा वर्षं तुम्ही समोर बसून ऐकताय!"

"दर साल वाटायचं, यंदा तरी हे थांबतील. तुम्ही तर थांबतच नाही. बाकी काय ते लिहा, पण ते रडण्याचं तेवढं काढा हो."

काकांनी आयुष्यात वहीतला एक शब्दही खोडला नव्हता. का काढायचं, हे विचारायला ते पुढच्या रविवारी कोटरा सुल्तानाबादला निघाले. स्कूटर अर्थात माझी. वाटेत त्यांनी थांबवून कॅडबरी घेतली. मी विचारलं, कुणासाठी? तर म्हणाले, "बेबीसाठी. पहिल्यांदा भेटायला जातोय, रिकाम्या हाताने कसं जायचं?" चौसष्ट वर्षांच्या बाईंनी ती घेतली, साखरेच्या डब्याजवळ ठेवली आणि हसल्या. त्या मेथी निवडत होत्या. ती निवडता निवडताच त्यांनी सांगितलं.

"सुट्टीत मामाकडे कोल्हापूरला गेले होते. तिथे कुणीतरी पाहिलं आणि सिनेमात घेतलं. मजा होती, रोज नवा फ्रॉक. एके दिवशी रडायचा सीन होता. मला काही केल्या रडू येईना. मग दिग्दर्शकांचा एक असिस्टंट माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, बेटा, तुझी आई गेली. बाहेर रस्त्यावर मोटारीने उडवलं. मी रडले. किती रडले ते तुमच्या वहीत आहेच. कट झालं तशी सगळी ताली वाजवायला लागली. आणि दारातून आई आत आली. चालत. हातात माझ्या केसांची रिबीन."

मेथीची जुडी संपली होती. त्यांनी दुसरी ओढली.

"मला वाटलं, दाराआडच उभी होती. सगळ्यांबरोबर तीही खेळ करत होती. दोन दिवस मी तिला हात लावू दिला नाही. वेणी नाही, घास नाही, काही नाही."

काका नेहमीप्रमाणे मुद्द्यावर आले. "आईंना आधी माहीत होतं का?"

"तेच तर. कधी विचारलंच नाही. लहानपणी राग होता, मोठेपणी हिंमत झाली नाही. माहीत होतं म्हणाली असती तर? मग ती गेली, खरीच. वीस वर्षं होतील आता."

परत येताना काका गप्प होते. मला काळजीच वाटली, कारण हे असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. नेहरू नगर मागे पडल्यावर मागून आवाज आला, "हे शोधायला हवं."

"काका, सत्तावन्न वर्षं झाली. कोण उरलं असेल?"

"वर्षं मोजायला मी आहे. तू समोर बघ."

पुढचे पाच महिने काकांनी पुरस्कारांचं नाव काढलं नाही. ते फोन करत. फोनवर त्यांची सुरुवात ठरलेली, "मी भोपाळहून बोलतोय. एका रडण्याबद्दल विचारायचं होतं." निम्मे लोक तिथेच फोन ठेवत. उरलेल्यांत कुणाचे वडील त्या सिनेमाचे टेलर निघाले, कुणाचे सुतार, पण सगळे वारलेले. काका प्रत्येकाच्या मुलाचं सांत्वन करत आणि पुढचा नंबर मागून घेत. काकू म्हणायच्या, "यांनी माझ्या आजारपणात डॉक्टरांना एवढे फोन केले नव्हते." त्यात तथ्य असावं, कारण काका तेव्हा ऐकू येत नसल्यासारखं करत.

संक्रांतीच्या सुमाराला एक आजोबा सापडले. त्या सिनेमात मेकअपला मदतनीस होते, आणि त्यांची बायको तिथेच केस बांधायच्या कामावर होती. दोघांना सगळं आठवत होतं. काका मला म्हणाले, "मी दोघांना वेगवेगळं विचारलं. आजोबांना सकाळी, आजी देवळातून आल्यावर त्यांना. दोघांचं तंतोतंत एकच आलं. लग्नाला साठ वर्षं झालेल्या नवरा-बायकोचं एकमत झालं म्हणजे ते खरंच असणार."

काका जाऊन आता दीड वर्ष होईल. रजिस्टरं मुलाने पुण्याला नेली. गणपतीत त्यांची दहा मिनिटं आता आरतीला मिळतात, कार्यक्रम वेळेवर संपतो, आणि मला ते अजिबात आवडत नाही. त्यांच्यावर मी आयुष्यभर हसलो. पण मला ते आठवतात ते आम्ही बाईंना उत्तर सांगायला गेलो त्या दिवसाचे, कोटऱ्याच्या त्या घरातले.

बाईंनी तिळगूळ पुढे केला होता. काकांनी तो घेतला नाही. खुर्चीत पुढे सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी सांगितलं, "आईंना माहीत नव्हतं."

बाईंनी तिळगुळाची वाटी खाली ठेवली.

"मुद्दाम बाहेर पाठवलं होतं त्यांना. तुमच्यासाठी रिबीन आणायला, बाजारात. परत आल्या त्या नेमक्या टाळ्या पडताना. तुम्हाला मामांनी उचलून आत नेलं. मग केसवाल्या बाईंनी आईंना खरा प्रकार सांगितला. तर आईंनी पायातली चप्पल काढली आणि त्या असिस्टंटच्या मागे लागल्या. स्टुडिओच्या अंगणात दोन फेऱ्या. तो पाण्याच्या टाकीवर चढून बसला. मग दोन दिवस शूटिंग बंद. पोरीला पाठवत नाही म्हणाल्या. मामांनी हातापाया पडून तिसऱ्या दिवशी आणलं."

"पक्कं?"

"दोघांना वेगवेगळं विचारलंय."

बाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या आणि मध्येच हसतही होत्या. "चप्पल? आमची आई? अहो, ती तर कुणाला मोठ्याने बोलायची नाही. आणि मी दोन दिवस तिला जवळसुद्धा येऊ दिलं नाही..."

"सात वर्षांच्या होतात," काका म्हणाले. एवढंच म्हणाले, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो.

बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे पुसले, खुर्ची ओढून काकांच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "परत सांगा ना. बाजारात गेली तिथपासून."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ज्याला बारा वर्षं घंटी वाजवून बसवलं, त्याला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा नीट केला, घसा खाकरला आणि अगदी सावकाश, एकही गोष्ट न गाळता, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.