"व्हय म्हाराजा" काढून टाका

देवाशी कोणत्या भाषेत बोललं म्हणजे अदब राखली जाते? मला खरंच माहीत नाही.

आमचा घरचाच बँड आहे. पप्पा ढोलकी वाजवतात, आते इलेक्ट्रिक गिटार आणि मी कीबोर्ड. गाणी येशूची, चाली कोकणातल्या आणि आवाज रॉकचा. करी रोडच्या चाळीत सगळे आम्हाला हसतात, पण ऐकतातही.

आज दुपारी चर्चच्या कमिटीसमोर रविवारच्या सणाची तालीम होती. पप्पांनी गावी देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, "बा येशू, पोरांका बरी नोकरी लागांदे रे!"

आम्ही ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

कमिटीतले एक अंकल ताडकन उठले. "हा काय शिमगा आहे? ही ओळ काढा, नाहीतर रविवारी येऊ नका."

आते पुटपुटली, "देव काय इंग्लिश मिडियमात शिकलो?" कुणीच हसलं नाही. महिनाभर कामावरून येऊन सराव केलेले पप्पा मान खाली घालून बसले होते.

अंकल माझ्याकडे वळले. "घरात तू एकटीच ग्रॅज्युएट ना? समजाव यांना."

मला लाज वाटली. गेल्याच आठवड्यात मीही पप्पांना म्हटलं होतं, "होय प्रभू म्हणूया, बरं दिसेल." ते एवढंच म्हणाले होते, "माझी आई देवाकडे असंच मागायची गं."

मी कागद मागितला. पप्पांना न विचारता लिहिलं, "ओळ काढणार नाही, आमचं नाव काढा." खाली सही केली आणि कागद अंकलच्या हातात दिला.