पट्टीच्या आत

आमची वहिनी शिवणकाम शिकवते. आडवा काढलेला पहिला व्हिडिओ तिने पोस्टसाठी उभा केला, तेव्हा कडा कापल्या गेल्या आणि कात्रीच गायब झाली. दात काढायला माझा दादा टपलेलाच. "हवा कापतेस की काय?"

वहिनी ऐकून घेणाऱ्यातली नाही. कापड बेतताना शिवणीसाठी जादा माया सोडतात, तशी तिने व्हिडिओतही सोडली. टेबलावर दोन चिकटपट्ट्या लावल्या आणि सगळं काम त्यांच्यामध्येच केलं. आता कडा खुशाल कापा, कात्री जागच्या जागी! व्हिडिओ बघून परगावच्या बायका तिला प्रश्न विचारून भंडावून सोडतात.

काल शूटिंगच्या वेळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून तिथेच घुटमळत होता. वहिनी मान वर न करता म्हणाली, "अहो, पट्टीच्या आत या. नाहीतर तुम्हीही कापले जाल."